रांगेतल्या मुलाच्या आईला काय सांगू?

पत्र

ताई, मी कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहते, अठरा वर्षं झाली. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, शनिवार रिकामे झाले, म्हणून जवळच्या फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रात, मदतीला जायला लागले. आधी मागच्या खोलीत डबे निवडायचे, आता पुढे काउंटरवर असते. काम मनापासून आवडतं.

गेल्या महिन्यात रांगेत माझ्या बहिणीच्या मैत्रिणीचा मुलगा उभा! आम्ही सगळे मूळचे विट्याचे. सप्टेंबरात तो इथे कॉलेजला आला तेव्हा पहिले दोन दिवस आमच्याकडेच होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अरे, तू इथे?’ मग घाईघाईनं त्याच्या पिशवीत एक पिठाची पिशवी नि आंब्याच्या रसाचे दोन डबे जास्तीचे टाकले. त्यानंतर तो आलेला नाही. माझा फोनही उचलत नाही.

इकडे त्याच्या आईचा दर रविवारी व्हॉट्सॲपवर फोन. ‘ताई, बरा आहे ना तो? जेवतो ना नीट?’ मी ‘हो हो’ म्हणते आणि मग दिवसभर चैन पडत नाही. घरी बोलले तर आमचे हे म्हणाले, ‘फी भरायला लाखो आहेत आणि खायला फुकटचं पाहिजे, तेही आपल्या टॅक्सवर. अशांमुळेच आपली मान खाली जाते.’ हे स्वतः साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात राहून शिकलेत, म्हणून मला जास्तच लागलं. इथल्या मराठी मंडळातही हाच सूर आहे.

त्याच्या आईला सांगू का? तो परत आला तर कशी वागू? की हे कामच सोडून देऊ?

– म., मिसिसागा

उत्तर

म.ताई,

आधी फोनचं बघू, कारण रविवार तोंडावर आला असेल. त्याच्या आईला सांगायचं नाही. आडून नाही, ‘जरा लक्ष असू दे गं त्याच्याकडे’ असं सुचवूनही नाही. बहिणीच्या कानावर तर मुळीच घालू नका. विट्यात सकाळी बहिणीला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी कुठवर गेलेली असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

काउंटरवर उभं राहण्याआधी तुमच्याकडून एका कागदावर सही घेतली असणार. येणाऱ्याचं नाव, पत्ता, घरात माणसं किती, कमाई किती, यातलं काहीही बाहेर न्यायचं नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. सही करताना आपल्याला ती औपचारिकता वाटते, कारण अनोळखी माणसाबद्दल आपण बोलणार तरी कुणाशी? ती सही लागू पडते ती ओळखीचा माणूस समोर येतो तेव्हाच.

आणि घटकाभर तो कागद बाजूला ठेवू. समजा, सांगितलंत. ती माउली त्या रात्री झोपणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून रडेल. वडील असलेल्या कर्जावर आणखी थोडं उसनं काढून पैसे पाठवतील, ते महिनाभर पुरतील. मुलगा मात्र त्या फूड बँकेची पायरी पुन्हा चढणार नाही, दुसऱ्याही फूड बँकेची नाही, आणि घरी हसऱ्या चेहऱ्याचे फोटो पाठवत राहील. अर्धपोटी राहायचं आणि ते लपवायचं, ही दोन्ही कामं त्याच्यावर पडतील. आज निदान पहिल्याला थोडा उतारा आहे.

मग फोनवर बोलायचं काय? तुमच्या ‘हो हो’नं तुम्हाला चैन पडत नाही, कारण तो बरा आहे की नाही हे तुम्हाला ठाऊकच नाही. जेवढं खरं आहे तेवढंच बोला. ‘अगं, हल्ली आमचं निवांत बोलणं झालेलं नाही. त्यालाच विचार ना. मीही त्याला जेवायला बोलावते.’ यात एक अक्षर खोटं नाही आणि त्याचं गुपितही शाबूत आहे. आईनं खोदून विचारलं तर ‘त्यालाच विचार’ हेच पुन्हा म्हणायचं. आयांना हे वाक्य आवडत नाही, पण कळतं.

एक अपवाद. तो आजारी दिसला, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडून आली, तर गप्प बसायचं नाही. तिथेही पहिला फोन विट्याला नाही. तुमच्या को-ऑर्डिनेटरला सांगा. आणि वेळ तशीच आली तर ९८८ आहे, आत्महत्येच्या विचारांत सापडलेल्यांसाठी कॅनडाभर चालणारा नंबर. जिवाशी गाठ असेल तर सरळ ९११.

आता त्या पिठाच्या पिशवीबद्दल. रागावू नका, पण मला सगळ्यात खटकलं ते हेच. तुमच्या ‘तू इथे?’पेक्षाही जास्त. ते तोंडातून निसटलं, पिशवी तुम्ही हातानं उचलून टाकलीत.

तुमच्याकडे बांधून दिलेली टोपली मिळते की लोक स्वतः फडताळावरून निवडतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी आता दुसरी पद्धत आहे. घरातल्या माणसांच्या हिशेबानं पॉइंट मिळतात, त्यात बसेल ते घ्यायचं. पद्धत कुठलीही असो, रांगेतल्या माणसाचं लक्ष पुढच्याच्या पिशवीकडे असतं. मी स्कारबरोमध्ये काही वर्षं हे काम केलंय. तेलाची बाटली कुणाला एक मिळाली नि कुणाला दोन, हे मागच्या चार जणांना पाठ असतं. बोलत कुणीच नाही. दोन पोरं घेऊन आलेली एखादी बाई त्या मुलाच्या मागे उभी असेल. तिनं काय पाहिलं? आपल्याला मोजून, आणि काउंटरवालीच्या जातभाईला ओंजळभर जास्त. आपल्या लोकांबद्दल जी कुजबूज पसरू नये असं तुमच्या मंडळाला वाटतं, ती अशानंही पसरते. त्या मुलानं काय पाहिलं, तेही बघा. तो इतरांसारखा एक माणूस म्हणून आला होता, नंबर घेऊन. दोन मिनिटांत तो ‘मावशीनं दया केलेला मुलगा’ होऊन बाहेर पडला.

म्हणून काउंटरवरचा माझा नियम साधा: ओळखीचा चेहरा दिसला की पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला व्हायचं आणि शेजारच्याला पुढे करायचं. त्यानं आपणहून ‘नमस्कार’ केला तर आपणही करायचा. नाही केला तर आपण त्याला पाहिलेलंच नाही. पुढे दुकानात भेटला, मंडळाच्या कार्यक्रमात भेटला, तरी विषय आपण काढायचा नाही.

आता झालं ते झालं. त्याला फोन करणं थांबवा, तो उचलणार नाही. एक मेसेज पाठवा, एकच. असं काहीतरी:

‘त्या दिवशी मी गोंधळले आणि नको ते बोलले. तिथे कोण येतं हे बाहेर बोलायची आम्हाला मुभा नाही. तुझ्या घरी काही कळलेलं नाही, माझ्याकडून कळणारही नाही. आता शनिवारी मी मागच्या खोलीत असते, पुढे नसते. रविवारी दुपारी आमच्याकडे वरणभात असतोच. वाटलं तर ये, नाही आलास तरी काही नाही.’

आणि मग खरंच मागच्या खोलीत जा. को-ऑर्डिनेटरला एवढंच सांगा की रांगेत माझ्या ओळखीचं कुणीतरी येतं, मला काही आठवडे सॉर्टिंगला टाका. नाव विचारणार नाहीत, त्यांना हे नवीन नसतं. ‘कामच सोडू का’ या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. काम सोडायचं नाही, जागा बदलायची. रविवारी तो जेवायला आला तर जेवू द्या. पैशाचं विचारू नका. निघताना डबा द्या, तुमच्या घरातून कितीही भरून द्या. तिथे तुम्ही त्याची मावशी आहात.

मागच्या खोलीला कमी समजू नका. काउंटरवर हसून बोलणारे पुष्कळ मिळतात, लेबल वाचणारे मिळत नाहीत. तुम्ही तिथे होतात, म्हणजे हे माहीत असेल: नुसता चेपलेला डबा चालतो, पण शिवणीवर चेपलेला, फुगलेला, गंज खाल्लेला सरळ बाहेर. ‘बेस्ट बिफोर’ उलटलेला पास्ता किंवा डबाबंद टोमॅटो बहुतेक वेळा देता येतो, कारण ती तारीख चवीची आणि ताजेपणाची. तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युल्यावर असते ती मुदत मात्र वेगळी. ती संपली की एक दिवससुद्धा चालत नाही. हे सगळे शिकतात. पण बेक्ड बीन्सच्या डब्यावर बारीक अक्षरात ‘पोर्क’ आहे, रीफ्राइड बीन्समध्ये कधी लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, मार्शमेलोत जिलेटिन असतं, हे ज्याच्या घरात शाकाहारी माणूस आहे त्याच्याच डोळ्याला दिसतं. असे डबे वेगळे काढून शाकाहाराचं एक फडताळ नीट लावलंत, तर गुजराती आजीपासून इथिओपियन उपासवाल्यांपर्यंत सगळ्यांची सोय होते. कोरडी डाळ, तांदूळ, पीठ यांना तिथे केवढी मागणी असते, तेही को-ऑर्डिनेटरच्या कानावर घाला. मिसिसागात पन्नास डबे मॅक अँड चीजचे येतात नि मसूर एक किलो येत नाही.

आता तुमच्या यजमानांचं. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी एकत्र झाल्यात.

टॅक्सची गोष्ट लगेच निकालात निघते. कॅनडातल्या फूड बँका बहुतांशी देणग्यांवर, कंपन्यांनी दिलेल्या मालावर आणि तुमच्यासारख्यांच्या फुकट श्रमांवर चालतात. कुठे कुठे सरकारी अनुदान असतं, पण हे काही रेशन दुकान नव्हे. देशातली पहिली फूड बँक एडमंटनला १९८१ मध्ये निघाली, तात्पुरती सोय म्हणून. ती तात्पुरती सोय अजून चालू आहे. मार्च २०२४ या एका महिन्यात देशभरातल्या फूड बँकांमध्ये वीस लाखांहून जास्त वेळा लोक आले, २०१९ च्या मार्चच्या जवळजवळ दुप्पट. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं. नोकरी असूनही येणारे कितीतरी. टोरोंटो महानगरपालिकेनं तर डिसेंबर २०२४ मध्ये अन्न-असुरक्षिततेची आणीबाणी जाहीर केली. तेव्हा रांग लांबली ती आपल्या पोरांमुळे, हे गणित कच्चं आहे.

‘फी भरायला आहेत, खायला नाहीत’ यात मात्र दम आहे आणि तो मी नाकारणार नाही. स्टडी परमिट, म्हणजे इथे शिकायचा परवाना, मागताना फी आणि प्रवासखर्च सोडून वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. कितीतरी वर्षं तो आकडा १०,००० डॉलर होता. १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ झाला, १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. ‘पैसे आहेत’ असं लिहून देऊन आलात, मग रांगेत का, हा प्रश्न इथल्या लोकांनीही विचारलाय. व्हँकूवरच्या मोठ्या फूड बँकेनं २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांना देणं बंद केलं, याच मुद्द्यावर. ब्रॅम्प्टनमध्ये त्याआधीच एका ठिकाणी तशी पाटी लागली होती. आणि एप्रिल २०२४ मध्ये चांगल्या नोकरीतला म्हणून गाजलेल्या एका भारतीय तरुणाचा व्हिडिओ फिरला, ‘फूड बँकेतून दर आठवड्याचा किराणा कसा वाचवावा’ छापाचा. तो बघून माझंही डोकं फिरलं होतं. तुमच्या मंडळातला राग तिथून आला असेल, तर तो अनाठायी नाही.

पण दाखवलेला पैसा आणि हातातला पैसा यात फरक असतो, हे महाराष्ट्रात कर्ज काढून पोर बाहेर पाठवलेल्या कुठल्याही घराला विचारा. काही घरांत ती रक्कम मामाची, आत्याची, पतपेढीची असते. कॅनडातल्या बँकेत ठेवलेली ती दरमहा हप्त्यानं सुटते आणि त्यातला काही भाग उसने देणाऱ्यांकडे परत जातो. बाकी कमवायचं म्हटलं तर कॉलेज चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. ऑन्टारिओचं किमान वेतन तासाला १७.६० डॉलर. सगळे २४ तास मिळाले तर आठवड्याला ४२२ डॉलर, कापाकापीच्या आधी. आणि सगळे तास मिळतात कुणाला? बेसमेंटमधल्या अर्ध्या खोलीचं भाडं, बसचा पास, फोन. भाडं चुकवता येत नाही, पास चुकवता येत नाही. कात्री चालते ती जेवणावर, कारण तिथे ‘आज नको’ म्हणता येतं. विट्यातल्या एजंटानं हे गणित कागदावर मांडून दाखवलं असेल का, याबद्दल मला शंका आहे.

मग तो मुलगा खरा गरजू की हुशारी करणारा? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. तुमच्या फूड बँकेनं नोंदणीच्या वेळी जे विचारायचं ते विचारलं, त्यांच्या नियमात तो बसला, म्हणून तो रांगेत होता. नियम चुकीचा वाटत असेल तर तो बोर्डाच्या बैठकीत बदलायला सांगावा. एकेका माणसाच्या चेहऱ्यावरून काउंटरवर निकाल द्यायला लागलो की आपण घड्याळ बघतो, बूट बघतो, आणि हमखास चुकतो. चांगलं जॅकेट घालून आलेल्या बाईचं जॅकेटही कुणीतरी दिलेलं असतं.

राहिली मान खाली जाण्याची गोष्ट. हे तुम्ही त्यांच्याशी वाद घालून नका सांगू, जेवण झाल्यावर सहज काढा. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं, तेव्हा ते चाललं कशावर? गावोगावच्या धान्यावर, घराघरांतून बाजूला काढलेल्या मुठीवर. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, अखेर मंगळसूत्रही. त्या मुठी ज्यांनी दिल्या त्यांना जेवणाऱ्या पोरांची नावं ठाऊक नव्हती. यजमान म्हणतील, ‘आम्ही तिथे राबलो, फुकट नाही खाल्लं.’ बरोबर, कमवा आणि शिका ही तिथली रीतच. पण तो पोरगाही कुठल्यातरी गोदामात रात्रपाळीला राबतच असणार. एकदा विचारून बघा त्यांना, बोर्डिंगात असताना घरी पत्रात काय लिहायचे? ‘इथे जेवणाची आबाळ होते’ असं लिहायचे का?

ते गप्प बसले तर बसू द्या.

मंडळाला मात्र भाषणापेक्षा काम द्या. इथे नव्यानं आलेल्या मराठी मुलांना साध्या गोष्टी माहीत नसतात. २११ फिरवला की जवळची मदत कुठे मिळेल ते सांगतात, फुकट, आणि दुभाषाही मिळतो. कॉलेजात बहुतेक ठिकाणी विद्यार्थी संघटनेची स्वतःची फूड बँक असते, अडचणीत सापडलेल्यांसाठी थोडा निधीही असतो, आणि तिथे अर्ज करायला लाजण्यासारखं काही नाही. डिक्सी रोडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो, तिथे कुणीही कुणाला ‘तू इथे?’ विचारत नाही. ही माहिती एका पानावर मराठीत लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाका, कुणाचंही नाव न घेता. तो मुलगा त्या ग्रुपवर असेल किंवा नसेल, पण त्याच्यासारखे आणखी चौघं असतीलच.

दिवाळीच्या कार्यक्रमात दारात खोकं ठेवायची कल्पना कुणीतरी काढेलच. ठेवा, पण मागून घ्या: मूग, मसूर, चणे, तांदूळ, तेल. आणि शेजारी पैशासाठी पेटी ठेवा, कारण फूड बँक घाऊक भावात घेते आणि तुमच्या दहा डॉलरमध्ये आपल्या दुकानापेक्षा पुष्कळ जास्त आणते. थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस सगळेच देतात. जानेवारीपासून फडताळं ओस पडायला लागतात, उन्हाळ्यात तर फारच. मंडळाला संक्रांतीला काही जमवता आलं तर तिळगुळाबरोबर तेही होऊन जाईल.

एक राहिलं. बारावीच्या डिप्लोमासाठी लागणारे समाजसेवेचे ४० तास भरायला मंडळातली मुलं तुमच्या फूड बँकेत येतात की नाही, मला कल्पना नाही. येत असतील तर त्यांना मागच्या खोलीतच ठेवायला सांगा, आणि आत शिरताना फोन लॉकरमध्ये. रांग मागे दिसेल असा एकही सेल्फी नको.